पाथरूडकर सरांच्या आईचं मौन

पाथरूडकर सरांच्या गौरव समितीनं माझ्याकडे लेख मागितला आहे. ‘शेजारीण आणि सहकारी या नात्यानं हृद्य आठवणी, शब्दमर्यादा पाचशे, सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो.’ फोटो मी देणार नाही. हृद्य आठवण शोधायला दोन दिवस बसले, सापडली नाही. पत्रिकेवर त्यांच्या नावाआधी ‘मायबोलीचे गाढे अभ्यासक’ असं सोनेरी अक्षरांत छापलंय. ते वाचताना मला चहाचा असा ठसका लागला की नवऱ्याला पाठ थोपटावी लागली. तेव्हाच ठरवलं, लिहायचं तर खरं तेच लिहायचं. समिती हे छापणार नाही, याची मला खात्री आहे.

कळंबला आमची घरं एकाच बोळात, समोरासमोर. नोकरीही एकाच संस्थेत. मी प्राथमिकला, सकाळच्या सत्रात. सर हायस्कूलला मराठी शिकवायचे, दुपारच्या सत्रात. मी साडेबाराला घामाघूम होऊन घरी यायची तेव्हा ते कडक इस्त्रीच्या सफारीत सायकल बाहेर काढत असायचे. माझ्याकडे बघून मान एवढीशी लववायचे आणि म्हणायचे, “परतलात? उत्तम.” त्यात उत्तम काय असायचं ते मला बावीस वर्षांत कळलं नाही.

घरी लग्नपत्रिका आली की सर आधी तिच्यातल्या चुका काढायचे, मग लग्न कुणाचं ते बघायचे. किराणा दुकानाच्या पाटीवरची चूक सांगायला भर उन्हात रस्ता ओलांडायचे. दुकानदाराला ती समजली नाही तर त्यांना अधिकच बरं वाटायचं. असे मास्तर गावोगाव असतात, त्यांचं कुणी मनावर घेत नाही. सरांचा राग मात्र एका खास गोष्टीवर होता. शब्दात मुळात नसलेला आवाज शिरला की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. स्टूलचं इस्टूल, ग्लासचा गिलास, ड्रायव्हरचा डिरायव्हर, धर्माचा धरम, इच्छेची विच्छा, शापाचा श्राप. अशा जादा आवाजाला त्यांनी नाव ठेवलं होतं, ‘घुसखोर’.

त्यांच्या वर्गात याची एक पद्धतच होती. कुणी ‘फिलिम’ म्हटलं की सर खडू खाली ठेवायचे. मग त्या पोरानं उठून दाराबाहेर जायचं, साऱ्या वर्गानं एका सुरात ओरडायचं, “घुसखोर, बाहेर!” आणि पोरानं उंबऱ्याबाहेर उभं राहून शब्द नीट म्हणत आत यायचं. नाही जमलं तर परत बाहेर. तास संपेपर्यंत काही पोरं आतबाहेर करत राहायची. वर्ग खदाखदा हसायचा. ज्याच्यावर पाळी येणार असायची तोच सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

प्रतिभा नावाची एक मुलगी होती, ढोकीकडून रोज एसटीनं येणारी. तिला स्वतःचं नाव ‘परतिभा’ असंच यायचं. पहिल्याच आठवड्यात तिला स्वतःच्या नावासाठी नऊ वेळा उंबरा ओलांडायला लावला. दुसऱ्या दिवसापासून ती हजेरीला बोलेनाशी झाली, नुसता हात वर करायची. सर म्हणाले, “हाताला हजेरी नसते,” आणि समोर बसलेल्या पोरीची त्यांनी वर्षभर गैरहजेरी मांडली. मुख्याध्यापकांनी कानउघाडणी केली तेव्हा त्यांचं उत्तर होतं, “मी भाषा राखतोय.” पोरीनं नववीनंतर शाळा सोडली. त्यानंतरही सर तिचा किस्सा सांगून पाहुण्यांना हसवायचे.

माणूस अडाणी असता तर मी समजून घेतलं असतं. पण त्यांना येत होतं सगळं, हीच तर चीड आहे. एकदा मे महिन्याच्या तोंडावर शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी पाडाचे आंबे आणले होते. सरांनी फोड तोंडात टाकली आणि अर्धा तास समजावलं की मूळ संस्कृत शब्द ‘आम्र’. म् वरून र् वर जाताना लोकांच्या जिभेला अडचण झाली, मधे आपसूक ‘ब’ आला, आणि झाला आंबा. ताम्राचं तांबं तसंच. सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. “भाषेचा विकास आहे हा, किती मनोहर!” मी विचारलं, “मग इस्टूलमधला इ काय वाईट?” सरांनी रुमालानं बोटं पुसली. म्हणाले, “बाई, तो अडाणीपणा आहे.” हजारो वर्षांपूर्वी कुणा अडाण्यानं घुसवलेला ब त्यांना चालत होता, वर त्याच्या फोडी करून खाता येत होत्या. जिवंत माणसाच्या तोंडातला इ मात्र चालत नव्हता.

असं एक जिवंत माणूस त्यांच्या घरातच होतं. सरांच्या आई गोदामाय, ढोकीच्या पलीकडच्या खेड्यातल्या. सरांचे वडील वारल्यावर काही वर्षांनी त्या कळंबला राहायला आल्या, एक पत्र्याची पेटी आणि एक जातं घेऊन. आईला ‘माय’ म्हणणं सरांनी कधीच सोडून दिलं होतं. ते ‘आई’ म्हणायचे आणि चारचौघांत ‘मातोश्री’. मुलीचं नाव त्यांनी मृण्मयी ठेवलं होतं. आजीला ते मेल्यानंही आलं नसतं. ती ‘मिरनमई’ म्हणायची, तेही चुकून. एरवी ‘मिरू’ म्हणून मोकळी व्हायची.

आई आल्यावर पंधरा दिवसांतच आमच्या संस्थेचे अध्यक्ष सरांकडे चहाला आले. मी आणि माझा नवरा होतोच, रिकामी खुर्ची भरायला. अध्यक्ष उसाचे मोठे बागायतदार, बोलायला मोकळे. खुर्चीची वाट न बघता ते कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकले. गोदामाय आतून पदर सावरत बाहेर आल्या.

“आगं बया, पावन्याला इस्टुलावर बसवलंय! उठा की, कामून बसलाव तिथं? ह्या खुर्चीवर बसा. गिलासात पानी आनू का आधी, का च्याच टाकू?”

अध्यक्ष खूश झाले. “च्याच टाका, माय. असा मायच्या हातचा च्या लई दिसांनी मिळंल.” पुढं अर्धा तास दोघं बेणं, पाटाचं पाणी आणि कुणाच्या तरी मारक्या बैलावर बोलत बसली. जाताना अध्यक्ष त्यांच्या पाया पडले. ही बाई कुणालाही आवडली असती. सरांचे कान मात्र लाल झाले होते. सुमनवहिनी, म्हणजे सरांची बायको, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत कपबश्या गोळा करत होत्या.

आठवड्यानं सरांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, “मातोश्रींनी मौनव्रत धारण केलं आहे. निदान वर्षभराचं.” घरी नवीन फ्रीज आणल्यासारखा सूर होता. सगळे भारावले. खरं काय ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. सर सायकलवर टांग टाकून कोपऱ्यावरून वळले आणि पाचच मिनिटांत गोदामाय माझ्या मागच्या दारात.

“मास्तरीनबाई, येऊ का आत? सकाळधरनं तोंडात साठलंय समदं.”

मी म्हटलं, “अहो, तुमचं मौन आहे ना?”

त्या हसल्या. पाटावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. “अंतू म्हनला, आई, तू बोलली की माजं हसं हुतंय. हेडमास्तर व्हायचंय म्हनं त्येला. मग म्हनलं, न्हाय बोलत बाबा. लेकराचं चांगलं हुईत आसंल तर येका तोंडाचं काय येवढं?”

जराही तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र भयंकर राग आला. तो मी भाजीच्या मिरच्यांवर काढला. सरांना जाऊन जाब विचारायला हवा होता; नाही विचारला. शेजार होता, नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर रोज दुपारी त्या येऊन बोलायच्या ते मला हवंहवंसं वाटायला लागलं होतं. हे माझ्याही खात्यात लिहून ठेवा.

वर्षाचं मौन दोन वर्षांचं झालं, मग तीनचं. लोकांना सवयच लागली. कळंबात मौनी माय आहे म्हटल्यावर सोमवारी बायका दर्शनाला येऊ लागल्या. हळदीकुंकू, नारळ, कुणाच्या पोरीचं जमत नाही, कुणाची सून नांदत नाही. गोदामाय ओसरीवर बसून ऐकायच्या. सल्ला जिभेच्या टोकावर यायचा आणि त्या गिळायच्या. दुपारी तो मला ऐकावा लागायचा. “त्या पिवळ्या लुगड्यावालीला सांगायचं हुतं, सुनंला आधी पोटभर जेवू घाल. पन कसं सांगावं? नुसती मान हालवली. ती म्हनली, मायनं व्हय म्हनलं!”

एका सोमवारी अध्यक्षांच्या पत्नी आल्या होत्या, काठापदराच्या नव्या साडीत. वाकून नमस्कार करताना त्यांचा पदर समईवर गेला आणि धूर निघाला. ओरडायचं तर व्रत मोडतं. गोदामायनं शेजारचा तांब्या उचलला आणि बाईंच्या अंगावर रिकामा केला, डोक्यापासून. मग अध्यक्षीणबाई ओल्या केसांनी हात जोडून रडायला लागल्या, “मायनं स्वतः तीर्थ घातलं!” जळालेला पदर कुणी पाहिलाच नाही. पुढच्या सोमवारी रांग बोळाच्या तोंडापर्यंत गेली आणि तीनचार जणी घरूनच तांब्या भरून घेऊन आल्या होत्या.

सर मुख्याध्यापक झाले त्यात या तांब्याचा वाटा किती, ते अध्यक्षांनाच ठाऊक. सत्काराच्या भाषणात सर म्हणाले, “माझ्या मातोश्रींच्या मौनातून मी वाणीची शुद्धता शिकलो.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पहिल्या रांगेत होते म्हणून. दर सोमवारचे उरलेले नारळ सर आमच्याकडे पाठवायचे आणि मी ते चटणीला वापरायची.

दुपारच्या त्या बोलण्यात गोदामायनं मला एकदा जे सांगितलं ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. मी सहज विचारलं होतं, “माय, तुम्ही स्टूलला इस्टूल का म्हणता?” त्यांनी विचार केला. शेंगा फोडता फोडता हात थांबला.

“आता बगा, वढ्यात उतरताना आपन येकदम उडी मारतो का? आधी येका दगडावर पाय ठिवतो, मग खाली. तसंच हाय ते. ‘स्ट’ म्हनताना जीभ घसरती. म्हून आधी ‘इ’ वर पाय ठिवायचा. आन् जात्यावरलं तर येगळंच. जात्याचा फेरा लांब आन् सबूद तोकडा. मग सबदाला जोड द्यावा लागतोय. ‘दारात’ म्हनून भागत न्हाय, ‘दारायात’ म्हनावं लागतंय. न्हायतर हात फिरत ऱ्हातो आन् तोंड रिकामं.”

मग त्यांनी हवेतच जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात फिरवत दोन ओळी गायल्या. त्यांच्या गावात लग्न निघालं की घाणा भरायला गोदामायला बोलावणं असायचं. लग्नाआधी सुवासिनी जात्याला हळद बांधतात, दळतात, आणि पहिली ओवी घरातली थोरली बाई म्हणते. तिनं म्हटल्याशिवाय दुसरी तोंड उघडत नाही. गोदामाय विधवा झाल्यावर जात्याला हात लावत नव्हत्या, पण ओवीचा मान त्यांच्याकडेच राहिला होता. पाचपन्नास लग्नांत त्यांनी दुसऱ्यांच्या पोरींसाठी म्हटलं होतं.

आता मिरूचं लग्न ठरलं. मौनाचं ते सहावं वर्ष होतं. मुलगा इंजिनियर, माणसं पुण्याची. लग्न धाराशिवच्या कार्यालयात, पण घाणा घरीच भरायचा होता आणि पाहुण्यांकडच्या बायकाही यायच्या होत्या. गोदामाय त्या दिवशी दुपारी आल्या त्या बसल्याच नाहीत.

“मास्तरीनबाई, आजवर तुमच्याकडं काय मागितलं न्हाय. येवढं अंतूला सांगा. येक दिस बोलू द्या म्हनावं. नातीचा घाना हाय. म्या न्हाय म्हनलं तर कोन म्हनंल? तेवढी येकच विच्छा हाय बगा. मागनं मरूस्तवर गप बसंन.”

त्या बाईनं स्वतःच्या घरातल्या आवाजासाठी शेजारणीचा वशिला लावला होता. मी तशीच उठले आणि संध्याकाळी सर आल्याबरोबर समोर गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बाई, आपली भावना मी समजू शकतो. पण पाहुणे कोण आहेत, माहीत आहे ना? शिवाय व्रताचा भंग. लोकांची श्रद्धा आहे. तिची अशी अवहेलना मला करता येणार नाही.”

“सर, व्रत तुम्हीच लावलंय.”

“सुरुवात कुणीही केली असेल,” ते म्हणाले, “आता ते पवित्र आहे.”

ते खोटं बोलत असते तर बरं झालं असतं. सहा वर्षांत स्वतःची थाप त्यांना स्वतःलाच पटली होती.

घाण्याच्या दिवशी अंगणात जातं मांडलं होतं. त्याला हळकुंड आणि सुपारी बांधली होती. सरांनी एक ध्वनिफीत आणली होती, कुणा शहरी गायिकेची, शुद्ध उच्चारांची मंगलगीतं. खिडकीत टेप ठेवला आणि बटण दाबलं. पाच सुवासिनी खुंट्याला हात लावून बसल्या. गाण्याची लय आणि जात्याची लय जमेना. जातं अडखळत होतं. गावाकडून आलेली गोदामायची धाकटी बहीण मोठ्यानं म्हणाली, “आक्का, म्हन की गं! कामून गप बसलीस?” सर पुढं होऊन म्हणाले, “मावशी, आईचं मौन आहे.” मावशी म्हणाली, “आसंल मौन. घान्याला मौन ऱ्हातंय व्हय?” पुण्याच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सरांनी टेपचा आवाज वाढवला.

गोदामाय भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. हळद लावलेली मिरू रडत होती आणि पाहुण्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून. गोदामायनं एकदा वर बघितलं, लेकाकडे. मग ओठ हलायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर बोळात खणखणीत आवाज. गोदामाय भाजीवालीला झापत होत्या. “ही काय भेंडी हाय? बोट मोडलं तर मोडंल, भेंडी मोडायची न्हाय!” बायका खिडक्यांतून बघत होत्या. मौन सुटलं. सोमवारच्या बायका आल्या त्यांना त्यांनी ओसरीवर बसवून घेतलं आणि सहा वर्षांचे साठलेले सल्ले एकेकीला मोजून दिले. दोनतीन सोमवारांत रांग आटली. लोकांना मौनी माय हवी होती. तोंड असलेली माय घरोघर होती.

त्या सगळ्यांशी बोलायच्या. सुनेशी, माझ्याशी, दूधवाल्याशी, फोनवर मिरूशी. फक्त एका माणसाशी बोलत नव्हत्या. सर घरात आले की त्यांचं तोंड मिटायचं. ते गेले की उघडायचं. चिडचिड नाही, रुसवा नाही, अबोल्याचा बडेजाव नाही. त्यांना वेळेवर चहा मिळायचा, पाठीला तेल मिळायचं, शब्द मिळायचा नाही. आणि सरांचं थोरपण असं, की ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला तीन वर्षं लागली. आई आपल्यासमोर गप्प आहे, म्हणजे घर ठीक चाललंय, अशीच त्यांची समजूत होती.

ध्यानात आलं ते त्यांना गरज पडली म्हणून. सर निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला बोलींना भाव आला. जिकडे तिकडे बोलींचे परिसंवाद, बोलींचे कोश. धाराशिवच्या एका कार्यक्रमात वक्ता आयत्या वेळी आला नाही म्हणून सरांना उभं केलं. त्यांनी वर्गातल्या पोरांचे ‘फिलिम’ आणि ‘डिरायव्हर’ सांगितले. पूर्वी सांगायचे तसंच, फक्त या वेळी ‘घुसखोर’ हा शब्द वगळून त्याजागी ‘स्वरागमाचं वैभव’ म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या रात्रीत म्हणा किंवा परतीच्या एसटीत म्हणा, सरांचं मतांतर झालं. प्रतिभाला कुणी जाऊन सांगितलं नाही की तुझं चुकत नव्हतं.

मग सरांनी बोलणं रेकॉर्ड करणारा मोबाइल घेतला आणि आईसमोर बसले. मला वहिनींनी सांगितलं. “आई, बोल. गावाकडचं काहीही. ओव्या म्हण.” गोदामाय तांदूळ निवडत राहिल्या. सर एक तास बसले. दुसऱ्या दिवशी परत. आठव्या दिवशी ते माझ्याकडे आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात.

“बाई, हा फोन आपण इथं फडताळात ठेवा. बटण मी दाबून देतो. ती दुपारी आपल्याकडे मोकळेपणानं बोलते, मौनाच्या पहिल्या दिवसापासून, मला कल्पना आहे.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं की मौन खोटं आहे, आई रोज दुपारी चोरासारखी मागच्या दारानं येऊन बोलते. आणि ते त्यांना चालत होतं. मी विचारलं, “तुम्हीच का नाही विचारत त्यांना?”

“ती माझ्याशी बोलत नाही,” ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. मला अर्धा क्षण कणव आली. तेवढ्यात ते म्हणाले, “साहित्य फार मोलाचं आहे हो, वाया जाईल,” आणि ती कणव गेली. मी फोन त्यांच्या हातात परत दिला.

गोदामायला मी सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. “म्हनावं, वरत हाय माजं! मोडलं तर श्राप लागंल!” मग हसू थांबलं. बराच वेळ त्या नखानं पाटावरचा डाग खरवडत होत्या. “सहा वर्सं गप बसले त्येच्यासाठी, त्येचं काय न्हाय बाई. घान्यादिवशी न्हाय म्हनला. ती ओवी त्येच्याच लेकीची हुती.”

सरांनी पुस्तक काढलंच. कळंबच्या बाजारात आणि एसटी स्टँडवर बायकांना चहा पाजून शब्द गोळा केले. प्रस्तावनेत लिहिलं, ‘ही बोली मी प्रथम माझ्या आईच्या ओठी ऐकली.’ ते खरंच आहे म्हणा. पुढचं लिहिलं नाही एवढंच. वढ्यातल्या दगडाची आणि जात्याच्या फेऱ्याची गोष्ट त्या पुस्तकात नाही. ती मी त्यांना दिली नाही, आणि त्याचं मला अजून समाधान वाटतं.

गोदामाय गेल्या त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. महिनाभर अंथरुणाला खिळल्या होत्या. धाराशिवच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. मी दुपारी तीनला गेले. सर खाटेशेजारी खुर्चीवर बसले होते, दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात. मोबाइल दिसत नव्हता. मला वाटलं, आता तरी हा माणूस नुसता मुलगा म्हणून बसलाय. वहिनींनी तिथंच तिपाईवर त्यांचं ताट झाकून ठेवलं होतं.

“आई,” सर म्हणत होते, “एक शब्द बोल. फक्त एक.”

गोदामायनं डोळे उघडले. लेकाच्या तोंडाकडे पुष्कळ वेळ बघितलं. मग मान माझ्याकडे वळवली.

“मास्तरीनबाई, त्येला म्हनावं सकाळधरनं उपाशी हायेस. परथम दोन घास खा म्हनावं.”

सर तिथंच होते, हातभर अंतरावर. तरी मी निरोप दिला, “सर, जेवून घ्या म्हणतायत.” पण त्यांचा हात केव्हाच खिशाकडे गेला होता. कागद सापडेना, तेव्हा त्यांनी उशाजवळची डॉक्टरांची चिठ्ठी ओढून घेतली आणि उलटी केली. “परथम,” ते पुटपुटले, “परथम म्हणाली ना?” गोदामाय त्यांचं लिहिणं पाहत होत्या. मग त्या हळूहळू, उशीला धरून, भिंतीकडे वळल्या.

कुणी म्हणेल, रडता येत नाही तेव्हा माणूस लिहीत बसतो. म्हणू देत. मी तिथं होते. ताट तसंच झाकलेलं होतं, आणि सर पेन उघडं धरून आईच्या पाठीकडे बघत होते, आणखी एखादा शब्द येतो का म्हणून.